चौथ्या दारातलं कापड

आमच्या गावात सीतेचं देऊळ आहे आणि त्या देवळात राम नाही. बाहेरचा माणूस आला की पहिल्यांदा हेच विचारतो, राम कुठं आहे? मग गावातलं कोणीही त्याला ओट्यावर बसवून गोष्ट सांगतं. रामानं टाकल्यावर सीता इथं आली. लेकरांसाठी तिनं दारोदार फिरून ओंजळभर गहू मागितला. गावानं दिला नाही. म्हणून तिनं शाप दिला, आणि पुढं कितीतरी पिढ्या इथं गहू पिकला नाही. आता विहिरी झाल्या, नवं बियाणं आलं, गहू पिकतो. तरी सीतानवमीला प्रत्येक घरची बाई ओंजळभर गहू नेऊन सीतेपुढं ओतते. वाडवडलांनी दिला नाही तो आपण द्यायचा, म्हणजे माफी मागून झाली असा हिशेब.

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावी, कळंबला, न जाता इथंच राहिले. चूक दिसली की माझा हात अजून शिवशिवतो. तोंड तर मला कधीच आवरता आलं नाही. गेल्या सीतानवमीला जे झालं त्यात माझं तोंड बरंच चाललं, पण गोष्ट माझी नाही. ती विमलताईची आहे.

विमलताई आमच्या गावची शिवणवाली. देवळासमोर टिनाची एक खोली, दारात मशीन, मागं चूल. गावातल्या प्रत्येक बाईचं माप तिला पाठ आहे. कोण जाड झाली, कोण खंगली, कोणाला दिवस गेले, हे तिला नवऱ्याच्या आधी कळतं आणि ती कोणाला सांगत नाही. ती मूळची उमरखेडकडची, इथं सून म्हणून आली. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा कामाच्या नावाखाली सुरतेला गेला तो गेलाच. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. कडेवर अर्पिता होती, वर्षाचीसुद्धा नाही. तिनं गावात दोन-चार ठिकाणी खोली मागितली. तिच्या सासऱ्याशी वाकडं कोण घेणार? कोणी दार उघडलं नाही, कोणी उघडून लावलं. शेवटी ती सीतेच्या देवळाच्या ओसरीत राहिली. तिथंच पुजाऱ्याच्या बायकोचं मोडकं मशीन दुरुस्त करून तिनं फाटक्या पोत्यांना टाके घालायला सुरुवात केली.

हे सगळं मी गावात येण्याच्या आधीचं. मी ऐकलं ते इकडून तिकडून. कोणी कोणी दार लावलं ते विमलताईनं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही असं नाही.

अर्पिता माझ्याच हाताखाली शिकली. चित्रं काढायची. आता ती पुण्यात एका स्टुडिओत आहे. तिथं लहान मुलांसाठी रामायणाचं कार्टून बनतं आणि अर्पिता मागची झाडं, नद्या, डोंगर रंगवते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिनं आईला मोबाईलवर त्यातला एक भाग दाखवला. मीही तिथंच बसले होते. सोन्यानं मढलेली गोरीपान सीता वनात चालत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी काजळ पसरत नव्हतं.

विमलताईनं सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, "झाडं मस्त काढले तू. पन हिच्या हाताकडं पाह्य. या हातानं कवा काम केलं हाय असं वाटते का?"

"आई, कार्टून आहे गं ते."

"मंग? कार्टूनले हात नसते का?"

अर्पिता हसली. पण जाण्याआधी तिनं आईला एक खेळ शिकवून ठेवला. बाहुली ठेवायची, मोबाईलनं फोटो काढायचा. बाहुलीचा हात जरासा हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो जोडले की एका सेकंदाचं पिक्चर. बारा फोटोंत बाहुलीनं एकदा पदर सावरला तेव्हा विमलताईनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं चार दिवसांचं वेड आहे. मी तसं बोललेही. पुढच्या आठवड्यात तिच्या खोलीत खाटेवर अख्खं गाव उभं होतं.

पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या भिंती, शेतातल्या काळ्या मातीनं लिंपलेल्या. बांधायच्या तारेच्या बाहुल्या, पोटात कापूस, अंगावर शिवणातून उरलेल्या चिंध्या. सीतेला तिनं साधं मांजरपाट नेसवलं. हात मात्र जाडजूड केले, बोटांवर लाल दोऱ्याचे बारीक टाके, सुई टोचल्यागत. दोन लेकरांतलं एक कापसाचं, दुसरं गवताचं. "दुसरं गवतापासून झालं म्हंतात ना," ती म्हणाली, "मंग गवताचंच असू द्या."

दुपारच्या शिवणाआधी, टिनाच्या झरोक्यातून ऊन सरळ येतं तेवढाच वेळ ती फोटो काढायची. ढग आला की थांबायचं. उन्हाळ्यात कूलर बंद, पंखाही बंद, कारण वारा लागला की सीतेचा पदर हलायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. घाम डोळ्यांत जायचा, ती मनगटानं पुसायची आणि बाहुलीचा हात केसभर पुढं सरकवायची. असं तिनं वर्षभराहून जास्त केलं. फोटो अर्पिताकडं जायचे, ती ते जोडून परत पाठवायची. गोष्ट विमलताईनं स्वतःच्याच आवाजात सांगितली होती.

एक दिवस मी विचारलं, "यात शाप कुठं आहे?"

"नाई टाकला."

"अगं, शापाशिवाय आपल्या गावची सीता कशी होईल?"

तिनं तोंडातला दोरा दातानं तोडला. "मॅडम, दोन लेकरं उपाशी असली तं बाई पहिले चूल पेटवते. शाप द्यायले तिले टाइम कुठं असते? गहू पिकला नाई, लोकायले भेव वाटलं, त्यायनंच म्हटलं असन शाप दिला म्हनून. ती बिचारी कोनाच्या वावरात कापूस येचाले गेली असन."

मी एवढी वर्षं मुलांना हीच गोष्ट शाप घालून सांगत आले. पण हे ऐकल्यावर पुन्हा तशी सांगवली नाही.

देवस्थानच्या कमिटीचे अध्यक्ष बबनराव. माणूस वाईट नाही, फक्त गावाचं नाव निघालं की त्यांची छाती दोन बोटं पुढं येते. त्यांना पिक्चरची कुणकुण लागली आणि त्यांनी कोणाला न विचारता एसटी स्टँडवर फ्लेक्स लावला. 'आपल्या गावची सीतामाय आता कार्टूनमध्ये! सीतानवमीला देवळासमोर.' खाली बबनरावांचा फोटो सीतेहून मोठा. विमलताईचं नाव नव्हतं. मी भांडले तेव्हा बारक्या अक्षरात चिकटवलं.

नवमीच्या महिनाभर आधी कमिटीनं पिक्चर बघायचं ठरवलं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे. कमिटीची माणसं पाच, पण बायाच निम्म्या गावातल्या जमल्या. विमलताई भिंतीला टेकून मागं उभी होती. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. मला तिनं एकदाच सांगितलं होतं. लेकरं घेऊन देवळाच्या ओसरीत बसलेली बाई या गावानं एकदा, देवळासमोर बसून, डोळे भरून पाहावी. बस. त्याउपर तिला काही नको होतं, ना बक्षीस ना नाव.

पिक्चर सुरू झालं. सीता गावात शिरली. पहिलं दार उघडलं, आतून एक बाई आली, मान हलवली, दार लागलं. बायांमधून एक आवाज आला, "अवो माय! हा तं माया ब्लाउजचा काठ!"

हशा पिकला. दुसऱ्या दारातली बाई आली. "थे मायं! दिवाळीचं!" आणखी हशा. अरे देवा, मला तेव्हा उमगलं. शिवणवालीच्या चिंध्या येणार कुठून? गावातल्या बायांच्याच ब्लाउजांतून. तिनं सीता सोडून सगळ्या गावाला गावाचंच कापड घातलं होतं, आणि गावातल्या बाया आपलं कापड अंधारातही ओळखतात.

चौथं दार उघडलं. दारातल्या बाईच्या अंगावर मोरपंखी रंग, त्यावर बारीक सोनेरी बुट्ट्या. ते कापड सगळ्यांनी पाहिलं होतं. बबनरावांच्या बायकोनं, बेबीताईनं, मुलाच्या म्हणजे कपिलच्या लग्नात तेच घातलं होतं आणि त्याची चर्चा पंधरा दिवस चालली होती. मोरपंखी बाहुलीनं सीतेकडं पाहिलं, तिच्या कडेवरच्या लेकराकडं पाहिलं आणि हळूहळू दार लावून घेतलं.

हशा थांबला. पुढच्या बाया वळून बेबीताईकडं पाहायला लागल्या, मग मागं विमलताईकडं, मग पुन्हा बेबीताईकडं. जे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं ते त्या एका वळून पाहण्यात मला कळलं. बेबीताई उठल्या आणि पिक्चर चालू असतानाच निघून गेल्या.

बबनरावांचा चेहरा लाल झाला होता. टीव्ही बंद करून ते म्हणाले, "विमलताई, हे देवाचं पिक्चर हाय का बदला काढून राह्यल्या तुमी?"

"बदला नाई, भाऊ. चिंधीच्या पिशवीत हात घातला, हाताले जे लागलं थे लावलं. वैनीचे ब्लाउज जास्त असतात, पिशवीत त्यायचंच कापड जास्त."

हे खरं होतं. मी तिला ओळखते, ती खोटं बोलत नाही. पण हॉलमध्ये एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही.

"हे पाह्य, सोपं हाय," बबनराव म्हणाले. "थे दारं लावायचे सीन काढून टाका. अन् शाप टाका. शाप तं आपल्या गावची ओळख हाय, लोक दुरून शाप ऐकाले येतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे गावानं काही केलंच नाही आणि सीतेनं उगाचच शाप दिला? असं दाखवायचं?"

"मॅडम, तुमी मधात बोलू नका."

"दरवर्षी ओंजळभर गहू ओतून माफी मागता ती कशाची मागता मग?"

विमलताईनं माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं आणि म्हणाली, "भाऊ, कापड काढते. थे कापड त्यायचं हाय, मले विचारून लावाले पाह्यजे होतं. चूक झाली. पन दारं नाई काढत. दारं काढले तं सीता देवळात कायले येते?"

"मंग नवमीले दाखवनं होनार नाई."

"कोनाचंच कापड नसलं तं?"

सगळ्यांसमोर बबनरावांनी बदला म्हटलं होतं ते कापडावरूनच. "मंग पाहू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं ब्लाउज येणं थांबलं. लग्नसराई ऐन भरात आणि विमलताईचं मशीन मुकं. बाया कळंबला जाऊन शिवायला लागल्या. जाताना देवळासमोरून जायच्या, पण तिच्या दाराकडं पाहायच्या नाहीत. मला संताप आला, मी दोघी-तिघींना रस्त्यात सुनावलं. विमलताई म्हणाली, "भांडू नका मॅडम. मले टाइम भेटला, थे बरं झालं."

दारांचा सगळा प्रसंग पुन्हा काढायचा होता. आधी तिनं दारांतल्या सगळ्या बाहुल्यांना कोरं मांजरपाट घातलं. काढून झालं, अर्पितानं जोडून पाठवलं. पाहिलं आणि तिनं मोबाईल खाली ठेवला. "हे गावच नाई," ती म्हणाली. "कोनीच नाई म्हनत नाई इथं. भुतं उभे हायेत दारात."

अर्पिता फोनवर वैतागली. "आई, किती दिवस एकाच सीनला लागणार तू? काढून टाक ना. बाकीचं पिक्चर किती छान आहे."

"तुले कडेवर घेऊन मी फिरली थे काढून टाकू का?" विमलताई म्हणाली. मग अर्पिता म्हणाली, "नाही. पाठव फोटो. मी रात्रीची ड्युटी झाल्यावर जोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा तिची लोखंडी पेटी उघडी होती आणि ती कात्री घेऊन बसली होती. मांडीवर जांभळा शालू. जरीचा काठ, जागोजाग घडीवर विरलेला. लग्नातला. तो तिनं नवरा गेला तेव्हा विकला नाही, अर्पिताच्या शिक्षणाला पैसे कमी पडले तेव्हाही विकला नाही.

"हे काय करतेस?"

"सगळ्या दारांतल्या बायायले हाच."

माझा तोल गेला. "वेडी आहेस का तू? दारात उभी राहून नाही म्हणणारी तू? ज्यांनी दारं लावली त्यांचं पाप तू अंगावर घेतेस? मी नाही कापू देणार."

मी खरंच तिच्या हातातली कात्री धरली. तिनं ती शांतपणे सोडवून घेतली.

"पाप नाई घेत मॅडम. कोनाचं कापड लावाची मले परवानगी हाय? एकीचंच. मायं सोताचं. अन् दारं तं राह्यलीच पाह्यजे." एवढं बोलून तिनं शालूच्या मधोमध कात्री चालवली. कापड फाटल्याचा आवाज झाला आणि मला रडू आलं. तिला नाही आलं.

पुढचे दिवस ती पंखा बंद करून टिनाखाली बसली होती. जांभळ्या बाया दारात यायच्या, मान हलवायच्या, दार लावायच्या. नवमीच्या आदल्या दुपारी शेवटचा फोटो पुण्याला गेला.

नवमीला दिवेलागणीनंतर देवळासमोर पांढरं कापड ताणलं, शाळेचा प्रोजेक्टर लावला. बबनरावांनी कबूल केल्याप्रमाणे परवानगी दिली होती, पण आधी दहा मिनिटं भाषण ठोकलं. गाव सगळं आलं होतं, कळंबला ब्लाउज शिवणाऱ्या बायासुद्धा. बेबीताई देवळाच्या पायरीला टेकून बसल्या होत्या, पदरात गव्हाची ओंजळ. गहू ओतायचा कार्यक्रम पिक्चरनंतर होता.

पहिलं दार उघडलं. जांभळा शालू. दुसरं दार, जांभळा शालू. बाया आपलं कापड शोधत होत्या, सापडेना. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "विमलच्या लग्नातला हाय तो." सगळ्यांना आठवलं. ज्या बाया त्या लग्नात जेवल्या होत्या त्यांना तर चांगलाच आठवला. सीता एकेका दारापुढं उभी राहत होती आणि आतून विमलताईच बाहेर येऊन तिला नाही म्हणत होती. देवळासमोर इतकी माणसं बसली होती, पण लहान मूलही रडलं नाही.

मग सीता देवळाच्या जागी येऊन बसली. आपल्याच पदराची तिनं झोळी केली, दोघांना झोपवलं. तिचे जाडजूड हात झोळीला झोका देत राहिले. सकाळ झाली तशी ती उठली, पदर खोचला आणि पऱ्हाटीतून कापूस वेचायला लागली. शाप दिला नाही. विमलताईचा आवाज म्हणाला, "तिले लय काम होतं." पिक्चर संपलं.

बबनराव आभार मानायला उठले. माईक हातात घेतला तेवढ्यात पायरीवरून बेबीताई बोलल्या. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"विमल, चौथ्या दारातलं मायं कापड काहून काढलं?"

विमलताई प्रोजेक्टरजवळ उभी होती.

"थे दार मायं होतं," बेबीताई म्हणाल्या. "तुया शालू तिथं कायले? तुया कडेवर पोरगी होती. मी दार लावलं अन् फटीतून पाहून राह्यली. वाटलं, ही पुन्हा हाक मारन, तं उघडू. तू हाकच नाई मारली. एवढी वर्षं मी इथं गहू ओतते, दरसाल ओतते. पन दार कोनाचं होतं थे कवा म्हटलं नाई." त्यांचा आवाज फाटला. "मायं कापड परत लाव."

बबनराव माईक धरून तसेच उभे. मी मोठ्यानं रडत होते, मला त्याची लाज वाटत नाही. विमलताई म्हणाली, "लावते, वैनी. पन थो सीन पुन्हा काढाव लागन. कापड घेऊन या."

बेबीताई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. मोरपंखी ब्लाउज सोबत होताच. त्यांनी तो उसवून दिला, चिंधी नको म्हणाल्या. सोबत नवा ब्लाउजपीसही होता. विमलताईनं गळ्यातली टेप काढली आणि विचारलं, "बाही केवढी ठेवू?"

त्यानंतर बाया कळंबऐवजी पुन्हा तिच्याकडं यायला लागल्या, एकेक करत, काही झालंच नाही असा चेहरा करून. ती सगळ्यांचं शिवते. चौथ्या दारातली बाई आता मोरपंखी आहे. बाकीच्या दारांत अजून विमलताईचाच शालू आहे. ज्यांना बदलायचा असेल त्यांनी कापड घेऊन यावं. ती पंखा बंद करून पुन्हा पहिल्यापासून फोटो काढायला तयार आहे.